मेंदूची जोडणी आणि मेंदूचं काम: नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

दर काही महिन्यांनी ‘मेंदूचा नकाशा तयार’ अशा मथळ्याची बातमी येते. सोबत रंगीबेरंगी धाग्यांचं चित्र असतं. ते पाहून सोलापुरातले बी.एस्सी.चे, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी हमखास विचारतात: नकाशा हाती आला, म्हणजे आता विचार कसे चालतात तेही कळणार का? याचं उत्तर दुसऱ्याकडून ऐकून घेण्यापेक्षा स्वतः आकड्यांत पाहता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. साधा लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि काही आठवड्यांच्या संध्याकाळी पुरतात. बारावीचं जीवशास्त्र आठवत असेल तर उत्तम, नसेल तरी अडणार नाही. सहसंबंध म्हणजे काय आणि तो कसा काढतात, एवढं मात्र आधी पक्कं करून घ्या.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मेंदूत काय काय घडू शकतं याची हद्द जोडणी आखते. त्या हद्दीत या क्षणी नेमकं काय घडेल हे ती एकटी ठरवत नाही. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. पहिल्या दोन टाळून थेट कॉम्प्युटरवर बसलात, तर आकडे येतील, पण ते कशाचे आहेत हे कळणार नाही.

पायरी १: आधी खरी वस्तू बघा

मटणाच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवा की बकऱ्याचा भेजा अख्खा हवा आहे. न सांगता गेलात तर डोकं फोडताना तो बहुतेक वेळा चिरडलेला मिळतो. घरी आणल्यावर थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे कापण्याइतका घट्ट होतो. हातमोजे घाला, सुरी आणि पाट स्वयंपाकाचे वापरू नका.

वरून पाहिलं की दोन अर्धगोल आणि त्यांच्यामधली खोल खाच दिसते. त्या खाचेत दोन्ही अंगठे घालून अर्धगोल हलकेच बाजूला करा. तळाशी एक पांढरा पट्टा आडवा गेलेला दिसेल. हा कॉर्पस कॅलोसम, डाव्या-उजव्या अर्धगोलांना जोडणारी तंतूंची सगळ्यांत मोठी जुडी. माणसाच्या मेंदूत या एका जुडीत साधारण २० कोटी अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींतून निघून संदेश वाहणारे लांब धागे, असतात. आता डावीकडून उजवीकडे आडवा काप घ्या. बाहेरून करडी-गुलाबी कड, आत पांढरं. कडेच्या करड्या भागात चेतापेशींची शरीरं असतात. आतल्या पांढऱ्या भागातून त्यांचे लांब अक्षतंतू जातात, आणि मायलिन नावाच्या चरबीयुक्त वेष्टनामुळे तो भाग पांढरा दिसतो. मेंदूची लांब पल्ल्याची जोडणी म्हणतात ती हीच.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतले मायलिनचं वेष्टन असलेले तंतू एकापुढे एक मांडले तर सुमारे १ लाख ७६ हजार किलोमीटर भरतील, असा डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिक्षक सोबत असतील तर एक पाऊल पुढे जाता येईल. योसेफ क्लिंगलर यांनी १९३० च्या दशकात एक पद्धत रूढ केली: मेंदू फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मग गोठवायचा, मग वितळू द्यायचा. बर्फाच्या स्फटिकांमुळे तंतू एकमेकांपासून सुटे होतात आणि लाकडी काडीने जुड्या सोलत जाता येतं. फॉर्मॅलिन विषारी आहे, म्हणून हे घरी करू नका.

प्राण्याचा अवयव हाताळायचा नसेल तर सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात आपल्या प्राचार्यांचं पत्र घेऊन विचारणा करा. बंगळुरूला जाणं होणार असेल तर निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेतलं मेंदूचं संग्रहालय चुकवू नका. उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते.

पायरी २: तीन गोष्टींचे तीन रकाने करा

वहीत तीन रकाने आखा. पहिला, संरचनात्मक जोडणी: ‘अ’ भागातून ‘ब’ भागात प्रत्यक्ष तंतू जातात का, आणि किती. दुसरा, क्रिया: ‘अ’ भागातल्या पेशी आत्ता किती जोरात काम करत आहेत. तिसरा, क्रियात्मक जोडणी: ‘अ’ आणि ‘ब’ यांची क्रिया वेळेनुसार एकत्र वर-खाली होते का. सगळा गोंधळ होतो तो तिसऱ्या रकान्यात. तिथे ‘जोडणी’ हा शब्द आहे, पण तार कुठेच मोजलेली नाही. तो निव्वळ सहसंबंध आहे. ‘अ’ आणि ‘ब’ दोघांनाही तिसरा ‘क’ हाकत असेल, तरीही सहसंबंध तेवढाच भक्कम येतो.

यापुढे मेंदूवरची कोणतीही बातमी वाचलीत की ती कोणत्या रकान्यात बसते ते आधी लिहा. एकाही रकान्यात बसली नाही, तर तिच्यावर वेळ घालवू नका. बोटांच्या ठशांवरून मुलाच्या मेंदूचा कल सांगणारी डीएमआयटी चाचणी पालकांना हजारो रुपयांना विकली जाते. ठशांतून ना तंतू मोजले जातात ना क्रिया. त्या चाचणीला वैज्ञानिक आधार नाही. हे आपल्या ओळखीतल्या पालकांना स्पष्टपणे सांगा.

रकाने वेगळे ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे वेळ. चेतापेशीतला एक विद्युत स्पंद सुमारे एक मिलिसेकंद टिकतो. तंतूंच्या जुड्या बदलायला दिवस, महिने, वर्षं लागतात. शहराच्या पूर्व भागातलं पद्मशाली घरातलं मूल आजीशी तेलुगूत बोलतं आणि दारात आलेल्या मित्राला त्याच दमात मराठीत उत्तर देतं. अक्कलकोटकडची मुलं हेच कन्नड-मराठीत करतात. त्या अर्ध्या सेकंदात एकही लांब तंतू नवा उगवलेला नसतो. जे बदललं ते सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातलं.

याहूनही साधं उदाहरण हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२९ पासूनच्या लेखांतून पुढे आणलं. डोक्यावर लावलेल्या विद्युतपट्ट्यांतून त्यांना मेंदूच्या लहरी मिळाल्या आणि डोळे मिटताच सेकंदाला साधारण दहा आवर्तनांची लय ठळक झाली. डोळे उघडले की ती विरते. तारा त्याच, फक्त पापणी हलली.

पायरी ३: माणसाआधी किडा

नवखे विद्यार्थी थेट माणसाच्या मेंदूवर उडी मारतात. तसं करू नका. जिथे जोडणीचा नकाशा खरोखर पूर्ण आहे, तिथे आधी जा.

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. त्याच्या उभयलिंगी रूपात नेमक्या ३०२ चेतापेशी असतात. सिडनी ब्रेनर, जॉन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी त्याचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, एकेका तंतूचा माग काढत १९८६ मध्ये त्याची संपूर्ण जोडणी प्रसिद्ध केली. सुमारे ५ हजार रासायनिक सायनॅप्स (एका पेशीकडून दुसरीकडे रसायनातून संदेश जातो ते सांधे) आणि ६०० गॅप जंक्शन (थेट विद्युत सांधे). हा नकाशा कोणालाही मोफत पाहता येतो. एक चेतापेशी निवडा, ती कोणाला संदेश देते आणि कोणाकडून घेते याची यादी काढा. तासाभराचं काम आहे, आणि ते हाताने एकदा कराच.

आता विचार करा. १९८६ पासून नकाशा हातात आहे. मग या किड्याचं वागणं नकाशावरून सांगता यायला हवं होतं. तसं झालं नाही, आणि कारणं २०२३ मध्ये बरीच उजेडात आली. प्रिन्स्टनमधल्या गटाने प्रकाशाने एकेक चेतापेशी चेतवली आणि बाकीच्यांत काय उमटतं ते मोजलं. अशा २३ हजारांहून अधिक जोड्या तपासल्या गेल्या. प्रत्यक्ष संदेशवहन नकाशावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा वेगळं निघालं. एक मोठं कारण असं की काही पेशी तारेविना, आजूबाजूला न्यूरोपेप्टाइड नावाची संदेशवाहक रसायनं सोडून दूरच्या पेशींवर परिणाम करतात. ही वाट कापांच्या चित्रात ‘जोडणी’ म्हणून दिसतच नाही.

खेकडा आणि शेवंड यांच्या जठराजवळच्या चेतापेशींच्या गाठीतून हाच धडा दुसऱ्या बाजूने मिळतो. तिथे जेमतेम तीसेक पेशी आहेत, जोडणी माहीत आहे, आणि ईव्ह मार्डर यांनी अनेक दशकं त्यावर काम केलं. डोपामिन, सेरोटोनिन अशी रसायनं बदलली की त्याच जोडणीतून निराळ्या लयी निघतात. उलटही खरं. त्यांच्या गटाने २००४ मध्ये अशा तीन-पेशी जाळ्याच्या दोन कोटींहून अधिक आवृत्त्या कॉम्प्युटरवर चालवल्या. एकमेकींपासून खूप वेगळी मूल्यं असलेल्या आवृत्त्यांमधून जवळजवळ सारखीच लय मिळू शकते, असं त्यात दिसलं.

आपल्याकडच्या चादरीच्या जॅकार्ड मागावर हे डोळ्यांनी पाहता येतं. कोणत्या हुकाला ताण्याचे कोणते धागे बांधलेत हे माग जुळवतानाच ठरतं. पण भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ बदलली की त्याच मागावर मोराच्या जागी वेल उमटते. नीट पाहिलंत तर दुसरीही गोष्ट दिसेल: एकाच हुकाला बांधलेले धागे एकत्रच उचलले जातात, पत्ते कितीही बदला. म्हणूनच ‘जोडणीला महत्त्व नाही’ असा निष्कर्ष काढणारेही चुकतात.

फळमाशीचा नकाशा २०२४ चा: प्रौढ मादीच्या मेंदूत १ लाख ३९ हजार २५५ चेतापेशी आणि ५ कोटींहून अधिक सायनॅप्स. २०२५ मध्ये उंदराच्या दृष्टी-बाह्यकातल्या (बाह्यक म्हणजे मेंदूची बाहेरची करडी कड) सुमारे एक घनमिलिमीटर तुकड्याचा अभ्यास आला, आणि आपल्या विषयाला तो सगळ्यांत जवळचा आहे, कारण जोडणी आणि क्रिया दोन्ही एकाच प्राण्यात मोजल्या गेल्या. आधी उंदराला चित्रफिती दाखवत सुमारे ७५ हजार चेतापेशींची क्रिया नोंदवली, मग तोच तुकडा कापून ५० कोटींहून अधिक सायनॅप्स शोधले. सारख्या दृश्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी एकमेकींशी जास्त जोडलेल्या निघाल्या. म्हणजे नातं आहे, आणि ते मोजता येतं.

पायरी ४: माणसात हे कसं मोजतात ते समजून घ्या

जिवंत माणसाचे काप घेता येत नाहीत. म्हणून दोन्ही बाजू एमआरआयने, आणि दोन्ही आडवळणाने मोजतात.

जोडणीसाठी पाण्याच्या रेणूंची हालचाल पाहतात. तंतूंच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकतं, आडवं कमी. १९९४ मध्ये पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी या हालचालीची दिशा गणिताने मांडायची पद्धत दिली. त्या दिशांना दिशा जोडत कॉम्प्युटर वाटा काढतो. बातम्यांमधले रंगीत धागे म्हणजे या काढलेल्या वाटा, तंतूंचा फोटो नव्हे. चांगल्या मोजणीतही एक ठोकळा, म्हणजे एमआरआय चित्राचा सगळ्यांत लहान घनाकार तुकडा, सव्वा मिलिमीटरचा असतो आणि अक्षतंतूची जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका ठोकळ्यात लाखो तंतू मावतात, एकमेकांना छेदतात, आणि पद्धत तिथे फसते. संदेश ‘अ’कडून ‘ब’कडे जातो की उलट, हेही यातून कळत नाही. २०१७ मध्ये अनेक गटांनी उत्तर आधीच ठाऊक असलेल्या कृत्रिम मेंदूवर आपापल्या पद्धती तपासल्या. खऱ्या जुड्या बऱ्याचशा सापडल्या, पण नसलेल्या जुड्याही ढिगाने ‘सापडल्या’.

क्रियेसाठी रक्त पाहतात. १९९० मध्ये सेजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकाने एमआरआयचा संकेत बदलतो. पेशी कामाला लागल्या की काही सेकंदांनी तिथलं रक्त वाढतं. शिखर साधारण पाच-सहा सेकंदांनी येतं. मिलिसेकंदाची घटना आपण सेकंदांच्या सावलीवरून ओळखतो, हे विसरायचं नाही.

१९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी माणसांना काहीही न करता यंत्रात पडून राहायला सांगितलं. बोटं हलवताना काम करणारे डावे आणि उजवे भाग स्वस्थ असतानाही एकत्र संथपणे वर-खाली होत होते. क्रियात्मक जोडणीचा सगळा अभ्यास तिथून पसरला.

पायरी ५: दोन तक्ते शेजारी ठेवा

आता लॅपटॉप उघडा. गुगल कोलॅब मोफत आहे, त्यात पायथन चालतं. एनिग्मा टूलबॉक्स नावाचा मुक्त संच बसवा. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट या माणसाच्या मेंदूची जोडणी मोजणाऱ्या प्रकल्पातल्या निरोगी तरुणांच्या मोजणीवरून काढलेले सरासरी तक्ते त्यात तयार आहेत: एक संरचनेचा, एक क्रियात्मक जोडणीचा (पुढे त्याला थोडक्यात क्रियेचा तक्ता म्हटलं आहे). ते वाचणारी दोन फंक्शन्स संचाच्या माहितीपानावर उदाहरणासह दिली आहेत. माहितीपान पूर्ण वाचा. ऋण आकडे काढलेत का, लॉगरिदम घेतलंय का, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाह्यकाचे ६८ भाग आहेत, आधी डावे ३४, मग उजवे ३४. म्हणजे प्रत्येक तक्ता ६८ गुणिले ६८. दोन्ही रंगीत चौकोन म्हणून छापा आणि घाई न करता पाहा. दोन्हींत वरचा डावा आणि खालचा उजवा चौकोन गडद असेल: एकाच अर्धगोलातले भाग आपापसांत जास्त बांधलेले. आता क्रियेच्या तक्त्यात मुख्य कर्णाला समांतर, ३४ घरं सरकलेली एक रेघ शोधा. ती डाव्या भागाची त्याच्या उजव्या जुळ्याशी असलेली साथ, म्हणजे एकत्र वर-खाली होणं. क्रियेत ही रेघ स्पष्ट असते. संरचनेच्या तक्त्यात तीच रेघ बऱ्याच ठिकाणी फिकी किंवा तुटक दिसते. यातला काही दोष मोजण्याच्या पद्धतीचा आहे: कॉर्पस कॅलोसमचे कडेकडे जाणारे तंतू वाटेत दुसऱ्या मोठ्या जुड्यांना छेदतात आणि कॉम्प्युटर तिथे वाट सोडतो. तुम्ही भेज्यात स्वतः पाहिलेला तो पांढरा पट्टा इथे कमी मोजला जातो.

मग आकड्यांवर या. कर्णाच्या वरचीच अर्धी घरं घ्या, कारण खालची त्यांचीच नक्कल आहे. २२७८ जोड्या मिळतील. संरचनेत शून्य असलेल्या जोड्या मोजून वेगळ्या काढा आणि त्यांची क्रियात्मक मूल्यं स्वतंत्र पाहा. सरळ तंतू नसलेल्या काही जोड्यांतही साथ चांगली भक्कम दिसेल, कारण तिसऱ्या भागामार्फत संदेश जाऊ शकतो. उरलेल्या जोड्यांचा स्पिअरमन सहसंबंध (मूल्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून काढलेला) काढा. तो शून्याच्या स्पष्टपणे वर येतो, पण एकच्या बराच खाली राहतो. २००९ मध्ये ख्रिस्तोफर हनी, ओलाफ स्पोर्न्स आणि सहकाऱ्यांनी हेच मोठ्या तपशिलात मांडलं: तंतू असतील तिथे साथ बहुधा असते, पण साथ दिसली म्हणून तंतू असतीलच असं नाही.

पायरी ६: मिळालेल्या आकड्यावर शंका घ्या

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि खरं शिक्षण इथेच होतं.

पहिली शंका अंतराची. जवळच्या भागांत तंतूही जास्त आणि साथही जास्त, मग तुमचा सहसंबंध निव्वळ शेजारपणाचा तर नाही ना? सोपी तपासणी: डावे-डावे ५६१, उजवे-उजवे ५६१ आणि डावे-उजवे ११५६ असे तीन गट करून प्रत्येकात सहसंबंध वेगळा काढा. पायथन सरावाचं झालं की भागांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर काढून त्याचा परिणाम वजा करा.

दुसरी शंका योगायोगाची. संरचनेच्या तक्त्यात भागांची नावं आपापसांत अदलाबदल करा, सहसंबंध पुन्हा काढा, असं हजार वेळा. लक्षात ठेवा, सुटी घरं ढवळायची नाहीत. रांग आणि स्तंभ एकत्र हलवायचे, नाहीतर तक्त्याची घडणच मोडते. प्रत्येक रांगेची बेरीज करून दोन तक्त्यांचे ‘केंद्रभाग’, म्हणजे सगळ्यांत जास्त जोडलेले भाग, ताडून पाहायचे असतील, तर त्याच संचातली स्पिन टेस्ट वापरा. ती बाह्यकाचा पृष्ठभाग गोलावर पसरून फिरवते आणि शेजारपण कायम राखते.

तिसरी तपासणी मला सगळ्यांत आवडते. ६८ रांगांपैकी प्रत्येकीचा सहसंबंध वेगळा काढा. दृष्टी आणि हालचालीचे भाग वर, नियोजन-स्मरणाशी संबंधित दूरदूरच्या भागांशी जोडलेले भाग खाली, असा कल २०१९ नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसला आहे. तुमच्या तक्त्यात तसा दिसतो का? ६८ भाग हा ढोबळ नकाशा आहे, म्हणून चित्र धूसर आलं तरी निराश होऊ नका.

हे सगळे सरासरी तक्ते आहेत. यावरून घरातल्या कोणाच्या एमआरआय रिपोर्टचा अर्थ लावायला जाऊ नका. ते न्यूरॉलॉजिस्टचं काम आहे.

पायरी ७: पुढचा प्रश्न निवडा

सेमिनारसाठी किंवा प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर दोन वाटा सुचवतो. एक भुलीची. २०१५ मध्ये माकडांवरच्या अभ्यासात दिसलं की जागेपणी क्रियेचे नमुने सतत बदलत राहतात आणि जोडणीपासून बरेच दूर जातात. प्रोपोफॉलची भूल दिली की ते कमी होतात आणि जोडणीच्या नकाशाला चिकटून राहतात. जोडणी आणि क्रिया यांचा सहसंबंध जास्त आला म्हणजे मेंदू जास्त तल्लख, असं समजणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

दुसरी वाट पहिल्या पायरीतल्या पांढऱ्या पट्ट्याची. काही माणसं कॉर्पस कॅलोसमशिवाय जन्मतात. २०११ मध्ये अशा आठ प्रौढांचा अभ्यास झाला आणि त्यांच्या डाव्या-उजव्या भागांची साथ जवळजवळ नेहमीसारखी आढळली. २०१३ मध्ये प्रौढ माकडांत तोच पट्टा आणि दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या इतर जुड्या कापल्यावर साथ खूप घसरली, पण अँटिरिअर कमिशर ही छोटी जुडी शिल्लक ठेवली तर बरीचशी टिकली. जन्मापासून नसणं आणि नंतर तुटणं यांत हा फरक का पडतो, उरलेल्या छोट्या वाटा किती भार उचलतात, हे तुमच्याच ६८ भागांच्या तक्त्यावर थोडं करून पाहता येईल. डावी-उजवी सगळी घरं शून्य करा, मग एकदोन जोड्याच परत भरा, आणि तिसऱ्या भागामार्फत जाणाऱ्या वाटांची लांबी दर वेळी किती बदलते ते मोजा.